नावाची सभा तहकूब

बाळ्या अडीच महिन्यांचा झाला तरी बाळ्याच होता. रडला तरी बाळ्या, हसला तरी बाळ्या, आणि दवाखान्यातल्या कार्डावर 'इल्वाचा मुलगा'. इल्वाच्या डोक्यात नाव केव्हापासून तयार होतं. फोल्के. तिच्या आजोबांचं, म्हणजे आईच्या वडिलांचं. नेनादच्या डोक्यात काहीच तयार नव्हतं, कारण बाळ्या त्याला झोपू देत नव्हता, आणि अशा माणसाच्या डोक्यात काही असावं अशी अपेक्षा करणं बरं नव्हे.

"फोल्के छान आहे," तो जांभई देत म्हणाला होता. "फक्त आई येऊ दे. तिच्या कानावर घालू आणि मग सरकारदरबारी कळवून टाकू."

इथेच घोडं अडलं.

आई आल्या. स्तानोयकाबाई. सर्बियातल्या क्रुशेवात्सजवळच्या गावाहून दोन बॅगा घेऊन आल्या. एका बॅगेत लाल मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या, दुसरीत झबल्यांमध्ये गुंडाळलेल्या राकियाच्या, म्हणजे घरी गाळलेल्या फळांच्या दारूच्या, बाटल्या. स्वतःचे कपडे अंगावर होते तेवढेच. तरुणपणी त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने स्वीडनमधल्या आमच्या या बोरोस गावात शिवणकारखान्यात बरीच वर्षं काढली होती, त्यामुळे स्वीडिश त्यांना उत्तम येत असे. फक्त ती कारखान्यातली स्वीडिश होती, शंभर मशीनांच्या आवाजाच्या वरून बोलायची. त्या तिसऱ्या मजल्यावर इल्वा-नेनादच्या घरात शिरल्या हे पहिल्या मजल्याला ताबडतोब कळलं.

त्यांनी बाळ्याला उचललं, त्याच्या दिशेने तीनदा थुंकल्यासारखं केलं आणि आनंदाने ओरडल्या, "अगं बाई, किती कुरूप आहे गं हा! माकड नुसतं!"

इल्वाचा चेहरा पांढरा पडला.

"दृष्ट लागू नये म्हणून म्हणते ती," नेनाद घाईघाईने म्हणाला. "फार सुंदर आहे असा त्याचा अर्थ."

"याहा," म्हणजे 'असं का', एवढंच इल्वा म्हणाली आणि बाळ्याचा चेहरा ओल्या रुमालाने पुसायला लागली.

"आणि नाव काय म्हणतोय कूम?" स्तानोयकाबाईंनी विचारलं.

"कोण?"

"कूम गं! तुमच्या लग्नात शेजारी उभा राहिला होता तो. आमच्यात पोराचं नाव कूम ठेवतो. आईबापाने त्यात तोंड घालायचं नसतं."

इल्वाने नेनादकडे पाहिलं. नेनादने दिव्याकडे पाहिलं.

आता या लग्नाचं सांगायला हवं. लग्न नगरपालिकेत झालं होतं. साक्षीदार म्हणून नेनादचा चुलतभाऊ यायचा होता, तो संपामुळे व्हिएन्नाच्या विमानतळावर अडकला. नेनाद घामाघूम होऊन बाहेर पळाला आणि ओळखीचा पहिला माणूस दिसला त्याच्या बाहीला धरून त्याला आत ओढून आणलं. तो माणूस म्हणजे लेनार्ट. इल्वा-नेनादच्या खालच्या मजल्यावर राहणारा, आमच्या इमारतीच्या सोसायटीचा अध्यक्ष. कचऱ्याच्या शेडच्या परवानगीसाठी आला होता बिचारा. "पाच मिनिटं नुसतं उभं राहायचंय," असं त्याला सांगितलं गेलं. तो रेनकोट घालून उभा राहिला. बाहेर आल्यावर नेनादकडच्या पोराटोरांनी त्याला घेरून "कूम, पैसे उधळ! कूम, पैसे उधळ!" असा गलका केला तेव्हा लेनार्टने खिसे चाचपले आणि अतिशय ओशाळून विचारलं, "कार्ड चालेल का?"

त्यानंतर ही गोष्ट सगळे विसरून गेले होते. स्तानोयकाबाई सोडून.

संध्याकाळी लेनार्टला वर बोलावलं. तो चपला दाराबाहेर काढून, मोज्यांवर, खुर्चीच्या काठावर बसला. स्तानोयकाबाईंनी त्याच्यापुढे राकियाचा पेला ठेवला आणि कूम म्हणजे काय ते सांगितलं. कूम म्हणजे रक्ताच्या नात्याहून वर. त्याचा शब्द मोडला तर घराचं वाटोळं होतं. आणि पोराचं नाव तो ठेवतो, तेही सगळ्यांसमोर, मोठ्याने.

"म्हणजे ती पाच मिनिटं अजून संपलेली नाहीत?" लेनार्टने विचारलं.

"मरेपर्यंत संपत नाहीत, अहो कूम. मेल्यावरसुद्धा नाही."

लेनार्ट कानापर्यंत लाल झाला. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला हा एकटा माणूस. सोसायटीची अंगणातली शेगडी, सोसायटीचा जिना, सोसायटीची लाँड्री हे सगळं तो डोळ्यांत तेल घालून सांभाळायचा, पण जे चारचौघांचं नाही, असं काही कुणी त्याच्या हातात आजवर दिलं नव्हतं. त्याचे डोळे चक्क भरून आले.

"माझा मोठा मान आहे हा," तो म्हणाला. "पण मग हे नीट व्हायला पाहिजे. पद्धतशीर."

इल्वाचा जीव भांड्यात पडला. म्हटलं, लेनार्टच आहे ना, आपलाच माणूस. त्याला जिन्यात गाठून ती म्हणाली, "हे बघ, सोपं आहे. मी तुला नाव सांगते, तू ते म्हण."

"छे छे! तू आई आहेस त्याची."

"म्हणून तर!"

"म्हणूनच चालणार नाही, इल्वा. तुझे हितसंबंध गुंतलेत. गेल्या वर्षी जिन्याच्या रंगकामाला तुझ्या भावाचं टेंडर आलं होतं, तेव्हा तू सभेच्या बाहेर जाऊन बसली होतीस की नाही? तसंच आहे हे."

"माझा मुलगा म्हणजे रंगकाम आहे का?"

"नाही ना! रंगकाम दहा वर्षांनी बदलता येतं," लेनार्ट गंभीरपणे म्हणाला. "नावाला जास्त काळजी घ्यायला हवी."

दुसऱ्या दिवशी इल्वा बाळ्याचे कपडे घेऊन तळघरातल्या लाँड्रीत गेली, तर 'ड्रायरची जाळी साफ करा' या सूचनेच्या खाली नवी सूचना लागलेली. 'तिसऱ्या मजल्यावरील मुलास नाव हवे आहे. सर्व सभासदांनी आपली मते शुक्रवारपर्यंत द्यावीत. अध्यक्ष.' खाली पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवली होती, आणि आमच्या इमारतीतल्या लोकांनी ती आधीच झिजवली होती. एकाने सुचवलं होतं 'सिक्स्टेन'. त्याखाली तळमजल्यावरच्या गुन-ब्रिटने हरकत घेतली होती, की सिक्स्टेन हे तिच्या कुत्र्याचं नाव आहे आणि अंगणात हाक मारली तर दोघं येतील. एकाने लिहिलं होतं, 'नाव काय कधीही ठेवता येईल, आधी सायकलस्टँडच्या छपराचं बघा.'

इल्वा तिथेच ओल्या दुपट्यांवर बसली आणि तिला रडू कोसळलं. नऊ महिने पोटात वाढवलं, त्याचं नाव आता ड्रायरच्या जाळीखाली ठरणार! रडून झाल्यावर तिला संताप आला, आणि संताप आल्यावर ती वर जाऊन दालचिनीचे बन भाजायला लागली.

त्या संध्याकाळपासून इमारतीत निवडणूक सुरू झाली असंच म्हणा. इल्वा एका हातावर बाळ्या, दुसऱ्या हातावर बनची परडी घेऊन दारोदार फिरायला लागली. "माझ्या आजोबांचं नाव होतं. फोल्के. कसं वाटतं?" स्तानोयकाबाईंना याचा वास लागायला वेळ लागला नाही, कारण वास शब्दशः जिनाभर पसरला होता. त्यांनीही बाह्या सरसावल्या. पातळ पोळीच्या घड्यांमध्ये चीज आणि अंडी घालून केलेली, तुपाने निथळणारी गिबानित्सा भाजली, बगलेत राकियाची बाटली मारली, आणि त्या वरच्या मजल्यापासून खाली निघाल्या. "माझ्या नवऱ्याचं नाव. रादिसाव. देव त्याला सुखात ठेवो. काय म्हणता?"

"अहो, कूमाने ठरवायचं ना?" नेनादने आईला विचारलं.

"कूमच ठरवणार! मी कुठे काय म्हणतेय? मी फक्त शेजाऱ्यांना खाऊ घालतेय."

"नेनाद, तुला कुठलं आवडतं?" इल्वाने विचारलं.

"मला दोन्ही चालतील."

त्यावर त्या दोघी पहिल्यांदाच एका सुरात त्याच्यावर तुटून पडल्या.

आता आमच्या लोकांचं एक आहे. तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा ते घर बदलतील. इल्वाला सगळ्यांनी सांगितलं, "फोल्के? वा, छान आहे!" स्तानोयकाबाईंना सगळ्यांनी सांगितलं, "रादिसाव? वा, भारदस्त आहे!" मी स्वतः बन खाल्ले, गिबानित्साही खाल्ली, आणि दोघींना तोंडभरून हो म्हटलं. खोटं कशाला बोलू? गिबानित्सा पुन्हा मागितली.

दोघी खूश. दोघींना वाटायला लागलं, सबंध इमारत आपल्या खिशात आहे. स्तानोयकाबाई फोनवर गावच्या बहिणीला म्हणाल्यासुद्धा, "पोरगी मनाने वाईट नाही गं. मला नावाने हाक मारते, तीही एकेरीत, पण इथे सगळे तसेच. फक्त नावाच्या बाबतीत हरणार बिचारी."

शनिवारी सकाळी तळघराच्या सभागृहात सभा भरली. इतकी गर्दी पाण्याच्या पाइपांच्या वेळीसुद्धा झाली नव्हती. लेनार्टने हातोडी आपटली. हितसंबंधी पक्षांना मत नाही, पण दोन शब्द बोलता येतील, असं त्याने जाहीर केलं.

इल्वा उठली. ती भाषण पाठ करून आली होती, ते विसरली. "माझे आजोबा गिरणीत कापड रंगवायचे," ती म्हणाली. "त्यांची बोटं कायम निळी असायची. कितीही धुतली तरी निळीच. आई कामावर गेली की ते माझ्या वेण्या घालायचे. शाळेत मला मुलं हसायची, की हिच्या केसांना निळा रंग लागलाय. मी घरी येऊन रडले, तर दुसऱ्या दिवशी ते हातमोजे घालून वेणी घालायला बसले. जमेना त्यांना. मी म्हटलं, काढा ते मोजे. एवढंच. मला त्यांना परत हाक मारायची आहे."

सभागृहात कुणीतरी नाक शिंकरलं. त्या स्तानोयकाबाई होत्या.

मग त्या उठल्या. बोलायला लागल्या तेव्हा पहिल्यांदाच त्यांचा आवाज साधा होता. "माझा रादिसाव इथेच कारखान्यात राबला. मशीनच्या आवाजाने कान गेले त्याचे. आम्ही गावी परतलो तेव्हा म्हणायचा, बोरोसमध्ये आपलं काय उरलं? काही नाही उरलं. ना घर, ना कबर, ना नाव. मला वाटलं, नातू या गावात जन्मला, तर निदान नाव तरी इथे राहील." त्या बसल्या, पण लगेच पुन्हा उठल्या. "आणि माझ्या पोराचं नाव कूमाने ठेवलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. मला स्वेतिस्लाव ठेवायचं होतं. पण विचारतंय कोण?"

"आई, हे मला माहीतच नव्हतं," नेनाद म्हणाला.

"तू हितसंबंधी आहेस. गप बस."

गुप्त मतदान झालं. लेनार्टने चिठ्ठ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजल्या, आणि त्याला घाम फुटला. फोल्केला थोडी मतं. रादिसावलाही तेवढीच. आणि बाकी सगळी, म्हणजे प्रचंड बहुमताने, 'लेनार्ट' या नावाला.

झालं होतं असं, की दोघींना शब्द दिल्यामुळे प्रत्येकाची पंचाईत झाली होती. एकीला मत द्यावं तर दुसरीची फसवणूक. दोघींवर सारखाच अन्याय व्हावा म्हणून बहुतेकांनी तिसरंच नाव लिहायचं ठरवलं, आणि कुणाचीच हरकत नसलेलं नाव समोर खुर्चीवरच बसलेलं होतं. मीही तेच लिहिलं.

"हे मी रद्द करतो," लेनार्ट फाटक्या आवाजात म्हणाला. "माझे हितसंबंध गुंतलेत."

"नियमात बसतं ते!" गुन-ब्रिट ओरडली. "बहुमत आहे!"

"मी या ठरावातून माघार घेतो."

"मग आता नाव कोण ठरवणार?"

"कूम!" स्तानोयकाबाईंनी टेबलावर अशी थाप मारली की हातोडी खाली पडली. "आल्या दिवसापासून मी आणखी काय सांगतेय?"

रविवारी अंगणात बारशाची मेजवानी होती. लायलॅकचं झाड जांभळं फुललेलं, टेबलांवर पांढरे कपडे, हेरिंग मासा, नवे बटाटे, स्ट्रॉबेरीचा केक, आणि त्यांच्या मधोमध मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या. कधी नव्हे ते सगळे वेळेआधी आले होते. नाव काय असेल यावर जिन्यात पैजा लागल्या होत्या. लेनार्ट काळा सूट घालून आला होता.

रिवाज असा, की कूमाने बाळाला दोन्ही हातांवर उचलून धरायचं आणि नाव पुकारायचं. लेनार्टने बाळ्याला उचललं. सगळ्यांनी काटे-चमचे खाली ठेवले. गुन-ब्रिटचा कुत्रासुद्धा बसला. लेनार्टने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"सभा," तो म्हणाला, "दहा मिनिटं तहकूब."

आणि बाळ्याला तसाच हातांवर धरून तो सायकलस्टँडच्या मागे निघून गेला. मागोमाग इल्वा, स्तानोयकाबाई, त्यांच्या मागे नेनाद. आम्ही बाकीचे अर्थातच तिकडे गेलो नाही. फक्त आपापल्या खुर्च्या थोड्या सरकवून घेतल्या.

"आज सकाळी," लेनार्टचा आवाज छपराच्या भोकातून स्पष्ट ऐकू येत होता, "इल्वा माझ्याकडे आली. म्हणाली, स्तानोयकाचं बोलणं ऐकून मला राहवत नाही, तू रादिसावच म्हण. ती गेली आणि मी कॉफी ओततोय तोवर स्तानोयका आली. म्हणाली, त्या पोरीच्या आजोबाच्या निळ्या बोटांनी माझी झोप उडवली, तुम्ही फोल्केच म्हणा. आणि दोघींनीही बजावलं, की दुसरीला कळता कामा नये. काल मतं समसमान होती. आज पुन्हा समसमान आहेत. फक्त बाजू बदलल्यात. मी आता करू काय?"

इल्वा म्हणाली, "स्तानोयका, हे तू काय केलंस? मी म्हटलंय ना, रादिसाव!"

"तू गप. आई आहेस तू. फोल्के!"

"तुझ्या नवऱ्याचं नाव या गावात राहायला नको का?"

"माझ्या नवऱ्याला काही ऐकू यायचं नाही, त्याला काय फरक पडतोय? तुझ्या आजोबाने हातमोजे घातले होते! फोल्केच!"

"रादिसाव!"

"फोल्के म्हणते ना मी!"

"मला दोन्ही चालतील," नेनाद म्हणाला.

"तू गप बस!" दोघी ओरडल्या, आणि मग एकदमच दोघींचा बांध फुटला. एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि रडतारडताच एकमेकींना दमदाटी चालू होती. लेनार्ट बाळ्याला धरून मधे उभा. बाळ्या या सगळ्यात मजेत होता. त्याने लेनार्टचा टाय मुठीत पकडला होता आणि त्याची चव घेत होता.

"एक विचारू?" लेनार्ट म्हणाला. "कूमाला आपल्या निर्णयाची कारणं द्यावी लागतात का?"

"नाही," स्तानोयकाबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"नोंद करावी लागते?"

"नाही."

"कुणाला अपील करता येतं?"

"कूमाविरुद्ध? देवाकडेसुद्धा नाही."

लेनार्टने मोठा श्वास घेतला. तो सायकलस्टँडच्या मागून बाहेर आला तेव्हा त्याची चाल बदललेली होती. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. अंगणाच्या मधोमध येऊन बाळ्याला डोक्याच्या वर उचललं आणि जन्मात पहिल्यांदा तो ओरडला, इतक्या जोरात की पलीकडच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या.

"फोल्के!"

आम्ही उभे राहून टाळ्या वाजवल्या. पैजेत मी हरलो तरी वाजवल्या. बाळ्याने, माफ करा, फोल्केने, एवढी मोठी जांभई दिली. इल्वा हुंदके देत हसत होती, आणि स्तानोयकाबाई तिला सांगत होत्या, "मी काय करणार पोरी? कूम बोलला, विषय संपला!" लेनार्टला तीन पेले राकिया पाजण्यात आली आणि त्याने गुन-ब्रिटबरोबर नाच केला. त्यातही कुणाचा ठराव नव्हता.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. स्तानोयकाबाई बाल्कनीत उभ्या राहून गावच्या बहिणीला फोनवर सांगत होत्या, "फोल्के! फोल्के गं! काय झोकदार नाव आहे! माझ्या सुनेच्या आजोबांचं!" खालून जाणारे सायकलवाले वळून बघत होते. आत स्वयंपाकघरात, दार लावून, इल्वा बाळाला पाजत बसली होती आणि हळूच म्हणत होती, "पी हं राजा. पी माझ्या रादिसावा."

नेनादने दोन्ही ऐकलं आणि तो सरळ खाली लेनार्टकडे गेला. "लेनार्ट, घरात भलताच गोंधळ आहे. आई त्याला फोल्के म्हणते आणि इल्वा रादिसाव. काय करू?"

लेनार्टने त्याला बसवलं, कॉफी ओतली. पूर्वीचा लेनार्ट असता तर त्याने यावर उपसमिती नेमली असती.

"स्वयंपाकघरात काय म्हणायचं ते त्यांचं त्या बघतील," तो म्हणाला. मग त्याने बशी पुढे सरकवली आणि जरा लाजत, पण ठाम आवाजात विचारलं, "दुसऱ्याचं काही ठरतंय का तुमचं? कारण पुढच्या वेळी सभा-बिभा काही नको. मी बघतो."